परवानाधारक भाऊ

परवान्याची बंदूक ज्याच्या घरी आहे तो माणूस आमच्या भंडारा जिल्ह्यात चालण्यावरून ओळखू येतो. बंदूक कपाटात कुलूपबंद असते, खांदा मात्र चोवीस तास तिच्या भारानं वाकलेला. एसटीच्या गर्दीत तो उजवी बाजू सांभाळत चढतो. पानठेल्यावर उभा राहिला तर पाठीला भिंत घेऊनच. कुठल्याशा अर्जात 'व्यवसाय' असा रकाना आला की 'शेती' लिहितो आणि कारकुनाला तोंडी सांगतो, "परवानाधारक." तुमसरपासून लाखांदूरपर्यंत मोठं गाव म्हटलं की असा एक नग सापडतोच. आमच्या गावातल्या नगाला सगळे भाऊ म्हणतात.

भाऊंचे आजोबा मालगुजार होते. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरं घेऊन मामा तलाव म्हणून उरले. वाडा वाटण्यांत फुटला. भाऊंच्या वडिलांच्या वाट्याला साडेतीन एकर बांधी, एक पितळी गुंड आणि बाराबोअरची दुनळी एवढं आलं. बांधीत धान पिकतं, गुंडात पाणी राहतं. दुनळीचं काय करायचं हे ठरवण्यात भाऊंचं आयुष्य गेलं.

"बेल्जियमची हाय," ही भाऊंच्या बैठकीतली पहिली ओळख. पाहुण्याचं नावगाव नंतर. चहा होईपर्यंत भाऊ दम धरतात, मग कपाट उघडतं. पाहुणा सोयरिकीचा असो, विम्याचा असो की जनगणनेचा, दुनळीचं दर्शन घेतल्याशिवाय त्याची सुटका नाही. भाऊ ती हातात घेऊन सगळ्या बैठकीवरून फिरवतात आणि नळीची दोन्ही तोंडं आपल्या छातीवरून गेली की पाहुणा बसल्या जागी डावीकडं कलतो. "भेवू नका जी, रिकामी हाय," भाऊ सांगतात. बंदुकीनं मेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हे वाक्य शेवटचं ऐकलेलं असतं, असं एका फौजदारानं त्यांना एकदा सुनावलं होतं. भाऊंनी ती बंदुकीची तारीफ समजून घेतली.

निगा राखण्यात भाऊंचा हात धरणारा कोणी नाही. दर रविवारी ओसरीवर गोणपाट अंथरून दुनळी निजवतात. लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, लाकडी दस्त्याला जवसाचं. दस्ता असा चकाकतो की भाऊ त्यात बघून मिशी कातरतात. दसऱ्याला ती पाटावर बसते. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं, वरून अक्षता. उन्हाळ्यात वहिनी खाटेवर पापड-वड्या वाळत घालतात, तेव्हा त्याच खाटेच्या एका कोपऱ्यात भाऊंची काडतुसं उन्हं खात असतात. कागदी वेष्टनाची, वडिलांच्या वेळची. "दमट होते ना बाप्पा पावसाळ्यात." पापड किती आणि काडतुसं किती याचा हिशेब वहिनींकडं असतो, कारण राखणीला बसलेल्या नातवंडाचा भरवसा नाही.

एवढी सेवा करून घेणारी ही दुनळी नेमकी कशासाठी? परवान्यावर पीक-संरक्षण आणि स्वसंरक्षण असं दोन्ही आहे.

पिकाचं शत्रुत्व रानडुकरांशी. धान लोंबीला आलं की रात्रीतून कळप उतरतो आणि खातो त्याच्या चौपट तुडवतो. भाऊ दुनळी घेऊन मचाणावर बसतात. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी, आणि परवानगीचा कागद फिरतो तोवर डुकराची पंगत उठलेली असते. त्यामुळं प्रत्यक्षात डब्यावर काठी बडवणारा गडी डुकरं हाकलतो आणि सकाळी पानठेल्यावर भाऊ सांगतात, "दुनळी पायली अन् पराले."

वाघाचंही तेच. नागझिरा 1970 पासून अभयारण्य आहे, 2013 मध्ये तिथं नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि अलीकडं कोक्याचं रान. इकडून तिकडं जाताना वाघानं कोणाच्या धुऱ्यावरून जावं हे काही ठरलेलं नाही. एकदा भाऊंच्या बांधीत पंजा उमटला. भाऊंनी दुनळीला हात घातला तेव्हा वनरक्षक पोरगा शांतपणे म्हणाला, "भाऊ, वाघावर बंदूक रोखली तर वाघ सुटते अन् तुमी अडकता."

उरले दरोडेखोर. ते गावात कधी आले नाहीत, आणि हाच भाऊंचा बिनतोड पुरावा. "आले का? नाई आले. काऊन नाई आले? मालूम हाय त्याईले, इथं काय हाय ते." पलीकडच्या गावात बंदूक नाही आणि दरोडाही नाही, हे कोणी दाखवून दिलं तर भाऊ म्हणतात, "ते गाव आपल्याच टप्प्यात येते." ही परीक्षाच अशी की तिच्यात बंदूक नापास होऊ शकत नाही.

निवडणूक आली की भाऊंचा भाव वधारतो. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती बसते आणि कोणाची हत्यारं ठाण्यात जमा करून घ्यायची ते ठरवते. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा लागोपाठ आल्या, म्हणजे भाऊंना वर्षात दोनदा मान. लोकसभेला यादी आली आणि तीत भाऊंचं नाव नव्हतं. ज्याच्यापासून लोकशाहीला काडीचा धोका नाही असा माणूस, असं सरकारनं लेखी कळवल्यागत झालं. भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुनळी चादरीत गुंडाळून स्वतःच ठाण्यात गेले. "जमा करून घ्या. मतदारावर दबाव येईन." हवालदारानं पावती फाडली. ती पावती भाऊंनी लॅमिनेट करून घेतली.

भाऊंच्या या सगळ्या थाटाला गावात एकच माणूस बधत नाही. शेजारचे काका. ते जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, गावात त्यांना फॅक्टरीवाले काका म्हणतात. साठच्या दशकात उभा राहिलेला हा कारखाना स्फोटकं आणि तोफाबंदुकांसाठी लागणारी दारू बनवतो, त्यामुळं "बारूद आपल्याच जिल्ह्याची!" असं भाऊ त्यांच्या पाठीवर थाप मारून सांगतात. काका हसतात आणि विषय बदलतात. उभी नोकरी गेटवर खिसे उलटे करून आत जाण्यात गेली. काडीपेटी नाही, विडी नाही, थट्टा नाही. 24 जानेवारी 2025 ला तिथं स्फोट होऊन कामगार गेले, तेव्हा आवाज ऐकून काका अंगणात आले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. बारूद ज्यांनी हाताळली ते तिच्याबद्दल कमी बोलतात. भाऊ तिच्याबद्दल खूप बोलतात, यातच काकांना काय कळायचं ते कळलेलं होतं.

गाडं अडलं ते वयाशी. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे परवानाधारकानं 70 वर्षं गाठली किंवा हत्यार बाळगून त्याला 25 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा हत्यार वारसाच्या नावे करता येतं. भाऊंची दोन्ही झाली होती. त्यांनी पुण्याला मोठ्याला फोन लावला. तो हिंजवडीत नोकरीला. "बाबूजी, आमच्या सोसायटीत कुत्रा ठेवायची परवानगी मिळून नाही राह्यली. बंदूक कुठं आणू?" जावयानं फोन बायकोकडं दिला. नियमात मुलगा आहे, तशी मुलगीही आहे. उरली धाकटी. ती साकोलीला शिक्षिका. कॉलेजात एनसीसीत होती, 'सी' सर्टिफिकेट काढलेली, .22 रायफलनं पंचवीस मीटरवर पाच गोळ्या एका वाटीएवढ्या जागेत बसवणारी. भाऊंना हे ठाऊक होतं, पण त्यांच्या मते ती परेड होती आणि ही बंदूक.

धाकटी म्हणाली, "घेते. पण बाबूजी, ही शेवटची चालली केव्हा?"

प्रश्न एवढाच. भाऊंनी मिशी चाचपली. छताकडं पाहिलं. "चालते की. चालूच हाय."

"शेवटचा बार केव्हा झाला?"

शेवटी वहिनींनी आतून सांगितलं, "मोठ्या आत्याच्या लग्नात. मांडवात दोन बार काढले होते. दुसऱ्या बाराले घोडीनं नवरदेव पाडला." म्हणजे गेल्या शतकात. आणि 2019 च्या दुरुस्तीपासून लग्नाच्या मांडवात बेफाम बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपली दुनळी शेवटची चालली तो प्रसंग आज घडता तर परवानाच गेला असता, हे भाऊंना प्रथमच कळत होतं.

धाकटीनं मग जे केलं त्याला भाऊ अजून विश्वासघात म्हणतात. धान विकून पैसे घरात आले त्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, ती मागच्या सांदवाडीतून गेली आणि दार धडधडा वाजवलं. एका हातात मोबाईल, त्यावर घड्याळ चालू.

भाऊ तिसऱ्या धडाक्याला जागे झाले. "कोन हाय रे?" हे दरडावून विचारायचं होतं, पण घसा बसला होता. चष्मा उशीखाली नव्हता. चष्मा शोधायला दिवा लावावा तर शत्रूला आपण दिसू, असं त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. चष्म्याविनाच कपाटाशी गेले. किल्ली वहिनींच्या कमरेला. कपाट उघडलं तर दुनळी तीन तुकड्यांत, तीन धडुत्यांत. नळ्या, दस्ता आणि नळ्यांखालचं लाकूड. रविवारच्या उजेडात हे तीन तुकडे भाऊ डोळे मिटून जोडत. रात्रीच्या अंधारात डोळे उघडे ठेवून जमेना. जोडली एकदाची. काडतुसं देवघरात. देवघराशी भाऊ थबकले, वहाणा काढल्या, हात जोडले, मग डबी उघडली. पहिलं काडतूस नळीत अर्धं जाऊन रुतलं. कित्येक पावसाळे आणि कित्येक उन्हाळे पापडांसोबत काढून ते फुगलं होतं. दुसरं बसलं की नाही हे चष्म्याविना कळायला मार्ग नव्हता.

इकडं वहिनींनी पहिल्याच धडाक्याला अंगणातला मोठा दिवा लावला, कुत्र्याची साखळी सोडली, फॅक्टरीवाल्या काकांना फोन केला, 112 लावायला बोट उचललं आणि खिडकीतून पाहिलं तर कुत्रं धाकटीचे पाय चाटत होतं. मग त्यांनी चहा टाकला.

भाऊ दुनळी घेऊन दारात आले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. धाकटीनं घड्याळ दाखवलं. "बाबूजी, चोर असता तर घर धुऊन गेला असता."

"मी त्याले चहा देला असता," वहिनी म्हणाल्या. "तुमची वाट पाहून बिचारा थकला असता."

दुसऱ्या दिवसापासून दुनळीचं प्रकरण धाकटीच्या हातात गेलं. पहिली फेरी नागपूरला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडं. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, नळ्यांखालचं लाकूड सोडवलं आणि तिथला ठसा वाचला. "मुंगेर."

"मुंगेर कायचं?" भाऊ म्हणाले. "बेल्जियमची हाय."

"बिहारातलं मुंगेर. तिथं परवान्याचे कारखाने आहेत बंदुकांचे. चांगला माल असतो." कारागिरानं भिंग भाऊंपुढं केलं. भाऊंनी ते घेतलं नाही. तीन पिढ्यांच्या सोयरिकी बेल्जियमच्या भरवशावर जुळल्या होत्या. परत येताना गाडीत ते तासभर गप्प होते आणि मौद्याच्या आसपास एवढंच म्हणाले, "मुंगेरचीबी चांगलीच रायते."

पण मुंगेरपेक्षा मोठा दणका नळीत होता. कारागिरानं नळ्या उजेडाकडं धरल्या. उजवीतून आभाळ दिसलं, डावीतून काळोख. त्यानं गज घातला आणि डाव्या नळीतून वाळलेल्या मातीचा गोळा बाहेर आला, सोबत दसऱ्याच्या अक्षतांचे दोन-तीन दाणे. कुंभारमाशीचं घरटं. अशा बंद नळीत बार झाला असता तर नळी तिथंच फाटली असती, आणि त्या वेळी डावा हात नेमका तिथंच असतो. कारागिरानं हे चढ्या आवाजात सांगितलं नाही, त्यानं नुसतं भाऊंच्या डाव्या हाताकडं पाहिलं. "ठाण्यात जमा होती तव्हा झालं असन," भाऊ पुटपुटले. दर रविवारी पुसली जाणारी बंदूक फक्त बाहेरून पुसली जात होती, हे ओठावर आणायचं धैर्य कोणाला झालं नाही.

डाव्या नळीच्या घोड्याची कमानही थकलेली निघाली. चाप ओढला की 'टक्' व्हायचं, पण ते काडतुसाची टोपी फोडण्याइतकं जोरात नव्हतं. कमान बदलली. काडतूस बसतं त्या नळीतल्या खोलीची लांबी मोजली. बऱ्याच जुन्या नळ्यांची खोली आखूड असते आणि हल्लीचं 70 मिलिमीटरचं काडतूस तिच्यात भरलं तर उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. ही सुदैवानं 70 चीच होती. वडिलांच्या वेळची काडतुसं विल्हेवाटीसाठी नियमानं परत केली. नवी खडकीची 'शक्तिमान' घेतली, परवान्याच्या वहीत नोंद करून. आणि निघताना कारागिरानं जे सांगितलं ते धाकटीनं वहीत लिहून घेतलं: घरी जे काडतूस भरायचं, त्याच काडतुसावर दोन्ही नळ्या तपासायच्या; दोन बार नीट झाले म्हणून भरवसा ठेवायचा नाही; आणि बंदुकीसोबत माणूसही तपासायचा.

माणसाची तपासणी चांदमारीवर झाली. नव्या परवान्याला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, म्हणून धाकटी गेली. भाऊ सल्लागार म्हणून सोबत. शिकवणारे एक निवृत्त सुभेदार होते, साताऱ्याकडचे. त्यांनी भाऊंकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही पण घ्या की शिकून. आलाय एवढे तर."

"मी पन्नास वर्सापासून परवानाधारक हाय."

"बरं बरं. किती काडतुसं उडवली?"

भाऊंनी घोडीचं ते लग्न आठवून आकडा सांगितला नाही.

पहिला धडा कानाचा. भाऊंनी कापसाचे बोळे आणले होते, सुभेदारांनी कर्णकवच चढवलं. दुसरा बोटाचा. नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, नळीवर आडवं. भाऊंचं बोट मात्र बंदूक हातात आली की चापावरच जायचं, बैठकीतल्या पन्नास वर्षांची सवय. सुभेदारांनी ते तीनदा उचलून बाजूला ठेवलं, चौथ्यांदा रागावले. तिसरा धडा नळीच्या तोंडाचा. बोलताना भाऊ वळतात, आणि ते वळले की बंदूकही वळते. चांदमारीवर त्या सकाळी जितकी माणसं होती ती सगळी भाऊ वळले की जमिनीवर बसत. बैठकीत पाहुणे डावीकडं का कलायचे, याचा उलगडा भाऊंना तिथं झाला.

पहिला बार झाला. दस्ता खांद्यात नीट रुतवला नव्हता, त्यानं दंडावर पिंपळपानाएवढा काळानिळा ठसा उठवला. पाच मीटरवरच्या पुठ्ठ्यावर वरच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक पडलं होतं.

"एवढंच?" भाऊ म्हणाले. "छर्रा तर पसरते म्हन्तेत. नेम धराचं कामच नाई."

"पसरतो, पण चाळीस यार्डांवर. तिथं तीस इंचांच्या वर्तुळात तो मोजतात. खोलीत पसरायला त्याला जागाच कुठं आहे? घरातल्या घरात नेम धरावाच लागतो. नाहीतर चोर सुटायचा आणि मागचं कपाट जायचं."

मग सुभेदारांनी गंमत केली. बंदूक त्यांनी स्वतः भरून दिली आणि काय भरलं ते दाखवलं नाही. भाऊंनी नेम धरला, डोळे मिटले, दात आवळले, चाप ओढला. 'टक्.' काडतूस खोटं होतं. बार झालाच नाही, पण भाऊंचा खांदा हिसका खाऊन मागं गेला, नळी हातभर खाली गेली आणि तोंडातून "अरे बाप!" निघालं. आवाज नाही, धूर नाही; नुसते भाऊच उडाले. धाकटीनं तोंड फिरवलं. सुभेदार म्हणाले, "बंदूक ठीक आहे. बार व्हायच्या आधी तुम्ही दचकताय. हे सगळ्यांचं होतं. खोटी-खरी मिसळून सराव केला की जातं."

आणि थोड्या वेळानं खरंच एक काडतूस फुसकं निघालं. 'टक्' झाल्याबरोबर भाऊंनी ते सुभेदारांचंच खोटं समजून बंदूक मोडून बघायला हात घातला. सुभेदारांचा पंजा त्यांच्या मनगटावर पडला. "हलायचं नाही. तोंड निशाण्याकडंच. तीस आकडे मोजा." काही वेळा बारूद उशिरा पेट घेते, म्हणून थांबायचं. भाऊ मोठ्यानं मोजू लागले. दहापर्यंत आवाज मालगुजारी होता. पंधराला उतरला. विसाला घसा कोरडा पडला. पंचविसाला कपाळाचा घाम भुवईवर आला आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तीस झाल्यावर सुभेदारांनी काडतूस काढलं. टोपीवर ठोका बसलेला, आत काहीच नाही. भाऊंनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. पन्नास वर्षांत दुनळीशी त्यांचा खरा परिचय त्या तीस आकड्यांत झाला.

धाकटीनं दोन्ही नळ्यांचे बार शांतपणे काढले आणि प्रत्येकाची नोंद वहीत केली. डावी नळी किंचित वर मारते, हे तिनं शोधून काढलं. कायद्याचा तास झाला तेव्हा पुढं बसून प्रश्न विचारत होती. स्वतःच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. पण बचावाला लागेल तेवढीच इजा, त्याहून जास्त नाही. पळत्या चोराच्या पाठीत बार घातला तर कोर्टात चोर फिर्यादी आणि आपण आरोपी. भाऊंच्या गोष्टींतले दरोडेखोर नेहमी पळतच असत.

या प्रशिक्षणानं दुनळीचं भलं झालं, भाऊंच्या गोष्टींचं मात्र फार नुकसान झालं. आता कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत, उशाशी विजेरी आहे, काडतुसं देवघराबाहेर कुलपात आहेत आणि ती उन्हात जात नाहीत. पुन्हा दार वाजवलं तेव्हा भाऊंना दोन मिनिटं लागली, आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी आधी वहिनींना हाक मारून, दिवा लावून, कोण आहे हे विचारून घेतलं. पाहुण्याला दुनळी दाखवली तर आधी मोडून, दोन्ही नळ्या उघड्या, तोंड जमिनीकडं. "कुठली जी ही?" कोणी विचारलं तर खाली पाहून "मुंगेरची." पानठेल्यावरची गर्दी पांगली. दुनळी पाहून डुकरं पळाल्याची गोष्ट ऐकायला लोक थांबायचे. काडतूस फुसकं निघालं तर तीस का मोजायचे हे ऐकायला कोणी थांबत नाही. फॅक्टरीवाले काका मात्र आता रोज संध्याकाळी भाऊंच्या ओसरीवर येऊन बसतात.

परवा एक तरुण ठेकेदार आला. वैनगंगेच्या रेतीवर नुकताच वर आलेला, पांढरी गाडी, पांढरे बूट. "भाऊ, मले .32 रिव्हॉल्वर घ्याचं हाय. कानपूरचं. परवान्याचं कसं करू सांगा. जिवाले धोका हाय."

पूर्वीचे भाऊ त्याला छाननी समितीपर्यंत पोचवून आले असते. आताच्या भाऊंनी त्याला बसवलं आणि विचारलं, "सरावाले कोठी जाशीन? वर्साले किती काडतुसं त्याच्यात घालशीन? लेकरं लहान हायेत, किल्ली कोनापाशी ठेवशीन? रातच्याले दार वाजलं तर बायकोनं काय कराचं, ठरवलं का?"

ठेकेदार बावचळला. "येवढं कायले जी? चालवाचं कोनाले हाय? नुसतं कमरेले दिसलं पाहिजेन."

भाऊंनी त्याला न्याहाळलं. मग म्हणाले, "मंग नुसतं चामड्याचं कव्हर घे बाप्पा. त्याले परवाना लागत नाई, पाच वर्सानं नव्यानं करा लागत नाई, अन् इलेक्शनमंदी जमाबी करा लागत नाई."